रिटोनावीरचा फॉर्म २: १९९८ मध्ये नॉर्वीर कॅप्सूल का बंद पडल्या

फार्मामध्ये क्रिस्टल फॉर्मचा, म्हणजे एकाच औषधाचे रेणू घन स्वरूपात वेगवेगळ्या मांडणीत बसण्याचा, विषय निघाला की रिटोनावीरचं, म्हणजे नॉर्वीर या ब्रँडने विकल्या जाणाऱ्या एचआयव्हीवरच्या औषधाचं, नाव येतंच. बहुतेक वेळा ती केस थरारक करून सांगितली जाते, की अचानक कुठूनतरी एक नवा फॉर्म आला, प्लांटभर पसरला आणि जुना फॉर्म गायब झाला, कंपनीचं करोडो डॉलरचं नुकसान झालं वगैरे. घडलं साधारण तसंच, पण एवढंच सांगितलं की जो खरा धडधडीत मुद्दा आहे तो बाजूला पडतो. कॅप्सूलमधलं ते द्रावण पहिल्या बॅचपासूनच अतिसंपृक्त होतं, म्हणजे विरघळायला हवं त्याच्या कितीतरी पट जास्त औषध त्यात होतं, फक्त ज्या फॉर्मच्या हिशोबाने ते जास्त होतं तो फॉर्म तोपर्यंत कोणी पाहिलाच नव्हता. हे नीट समजून घ्यायचं तर आकडे आणि रेणूचा आकार दोन्ही बघावे लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी त्या वेळची परिस्थिती. एचआयव्हीवरचे प्रोटीएज इनहिबिटर (विषाणूचं प्रोटीएज हे एन्झाइम अडवणारी औषधं) नुकतेच येऊ लागले होते, डिसेंबर १९९५ मध्ये सॅक्विनावीर आलं आणि १ मार्च १९९६ ला अ‍ॅबॉटच्या रिटोनावीरला अमेरिकेच्या एफडीएची (औषध नियामक संस्थेची) मंजुरी मिळाली, अर्ज केल्यापासून फक्त ७२ दिवसांत. एवढी घाई का तर माणसं मरत होती आणि ही औषधं खरंच काम करत होती, १९९६ ते १९९७ या एकाच वर्षात अमेरिकेतला एड्सचा मृत्युदर ४७ टक्क्यांनी खाली आला. म्हणून पुढे जे झालं त्यात कंपनीने घाई केली, अजून दोन वर्षं थांबून स्क्रीनिंग, म्हणजे इतर क्रिस्टल फॉर्मचा शोध, करायला हवं होतं असं जे म्हणतात त्यांचं मला पटत नाही. दोन वर्षं थांबणं म्हणजे काय हे त्या काळातल्या पेशंटला विचारायला हवं होतं.

आता औषध. रिटोनावीर म्हणजे सी-३७ एच-४८ एन-६ ओ-५ एस-२, रेणुभार साधारण ७२१. औषधांच्या भाषेत स्मॉल मॉलिक्यूलच, पण त्यातल्या त्यात मोठा आणि लांबलचक, पेप्टाइडसारखा. दोन टोकांना दोन थायाझोल रिंग, मध्ये एक युरिया, एक अमाइड, एक कार्बामेट, एक हायड्रॉक्सिल आणि दोन बेंझिल गट. फिरू शकतील असे सिंगल बाँड भरपूर, त्यामुळे हा रेणू कितीतरी प्रकारे वळून बसू शकतो. हायड्रोजन बाँड देऊ शकतील अशा जागा चार, तीन एनएच आणि एक ओएच. हे चार लक्षात ठेवा, पुढे लागतील.

घन स्वरूपात हे औषध तोंडावाटे दिलं तर शरीरात जवळजवळ शोषलंच जात नाही. पाण्यात विरघळणं अगदीच कमी. म्हणून अ‍ॅबॉटने गोळी केलीच नाही. दोन प्रकार काढले, एक पिण्याचं लिक्विड आणि दुसरा अल्कोहोल-पाण्यावर आधारलेलं द्रावण भरलेली सेमी-सॉलिड कॅप्सूल, दोन्हीत औषध आधीच विरघळलेलं. डेव्हलपमेंटच्या काळात एकच क्रिस्टल फॉर्म सापडला होता, त्याला आता आपण फॉर्म १ म्हणतो. आणि औषध कॅप्सूलमध्ये विरघळलेलंच असणार असेल तर कच्चा माल कुठल्या क्रिस्टल फॉर्ममध्ये आहे याने काय फरक पडतो, एकदा विरघळलं की सगळे रेणू सारखेच, असा विचार त्या वेळच्या नियमांमध्येही होता, अशा डोसेज फॉर्मला पॉलिमॉर्फ कंट्रोल (पॉलिमॉर्फ म्हणजे एकाच रेणूचे वेगवेगळे क्रिस्टल फॉर्म) मागितलाच जात नव्हता. वरवर बघता तर्क बरोबर वाटतो. द्रावणात फॉर्म नसतोच, हे खरंच आहे. पण द्रावणात किती औषध राहू शकतं हे मात्र बाहेर कुठला क्रिस्टल शक्य आहे त्यावर ठरतं, आणि त्यातला सगळ्यात स्थिर क्रिस्टल कोणता हे माहीत नसेल तर आपण विरघळण्याची मर्यादा मोजलीच नाही असं होतं. माझ्या मते अख्खी केस या एका ठिकाणी अडकलेली आहे.

१९९८ च्या सुरुवातीपर्यंत कॅप्सूलचे २४० लॉट (बॅच) निघाले होते आणि स्टॅबिलिटीची काही तक्रार नव्हती. मग त्या वर्षाच्या मध्याला काही लॉट डिझोल्यूशन टेस्टमध्ये नापास व्हायला लागले. ज्यांनी ही टेस्ट केली नाही त्यांच्यासाठी, ३७ अंशांवर ठेवलेल्या भांड्यात ठराविक मीडियम असतं, त्यात कॅप्सूल टाकायची, पॅडल फिरत राहतं, ठरलेल्या वेळांना थोडं सॅम्पल काढून औषध किती सुटलं ते मोजायचं. इथे औषध पुरेसं सुटतच नव्हतं. कॅप्सूल फोडून आतलं सामान मायक्रोस्कोपखाली बघितलं तर त्यात घन पदार्थ बसलेला, मग एक्सरे पावडर डिफ्रॅक्शन केलं तर जो पॅटर्न आला तो फॉर्म १ चा नव्हता. रेणू तोच, शुद्धताही ठीक, नुसती रचना वेगळी. हा फॉर्म २.

इथे पावडर डिफ्रॅक्शनबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात कारण या केसमध्ये तोच खरा साक्षीदार आहे. क्रिस्टलमध्ये रेणू थरांमध्ये ठराविक अंतरावर बसलेले असतात, एक्सरे त्या थरांवरून परततात आणि अंतराप्रमाणे ठराविक कोनांवरच जोर धरतात, त्यामुळे प्रत्येक रचनेचा शिखरांचा स्वतःचा क्रम असतो. रासायनिक टेस्ट, एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) वगैरे, रेणू कोणता ते सांगतात, ते रेणू एकमेकांशेजारी कसे बसलेत याबद्दल त्यांना काही कळत नाही. एचपीएलसीमध्ये तर सॅम्पल विरघळवूनच टाकायचं असतं, म्हणजे जे बघायचंय ते आधीच मोडून टाकलेलं. वितळण्याच्या तापमानावरून ओळखावं म्हटलं तर या दोन फॉर्मचं तेही जवळजवळ सारखंच, १२२ अंशांच्या आसपास, फरक दिसतो तो वितळायला लागणाऱ्या उष्णतेत, फॉर्म २ ला जास्त लागते. नुसता मेल्टिंग पॉइंट बघून माल पास करणाऱ्याला यात काहीच दिसलं नसतं.

आता विरघळण्याचे आकडे, जे अ‍ॅबॉटच्याच लोकांनी नंतर २००१ मध्ये छापले. ५ अंश सेल्सिअसला, इथेनॉल आणि पाणी ९९ ला १ असताना फॉर्म १ एका मिलीलीटरमध्ये ९० मिलिग्रॅम विरघळतो आणि फॉर्म २ फक्त १९. ९० ला १० असताना २३४ आणि ६०. ७५ ला २५ असताना १७० आणि ३०. म्हणजे कुठलंही मिश्रण घ्या, फॉर्म २ साधारण चार ते पावणेसहा पटीने कमी विरघळणारा. कॅप्सूलमधलं द्रावण फॉर्म १ चे आकडे धरून बनवलं होतं, त्या हिशोबाने सगळं आरामात मर्यादेत होतं. फॉर्म २ च्या हिशोबाने तेच द्रावण सुमारे ४०० टक्के अतिसंपृक्त निघालं. २४० लॉट बाजारात गेले, लोकांनी घेतले, त्यांना गुण आला, आणि त्या प्रत्येक कॅप्सूलमध्ये हीच परिस्थिती होती, फक्त पहिला कण तयार झाला नव्हता.

याच आकड्यांवरून एक छोटा हिशोब करून बघा. ९० भागिले १९ म्हणजे ४.७ च्या जवळपास, त्याचा नॅचरल लॉग १.५५, तापमान २७८ केल्विन, तर दोन फॉर्ममधला मुक्त ऊर्जेचा फरक येतो साधारण साडेतीन किलोज्यूल प्रति मोल. बस एवढाच. एका चांगल्या हायड्रोजन बाँडची ताकद याच्या कितीतरी पट असते. आणि तरी पॉलिमॉर्फच्या जगात हा फरक मोठाच म्हणायचा, सेंद्रिय रेणूंच्या निम्म्याहून जास्त जोड्यांमध्ये लॅटिस ऊर्जेचा (क्रिस्टलमध्ये रेणूंना एकत्र धरणाऱ्या ऊर्जेचा) फरक २ किलोज्यूलपेक्षाही कमी असतो. कॉम्प्युटरवर क्रिस्टल रचना आधीच ओळखणं इतकं अवघड का जातं ते यावरून कळेल, एवढ्या बारीक फरकाने कोण पुढे कोण मागे ठरतं आणि एवढ्या फरकाने बाजारातलं औषध चालतं की पडतं तेही ठरतं.

मग फॉर्म २ इतका स्थिर होता तर आधी का आला नाही? हा प्रश्न मला या केसमधला सगळ्यात सुंदर वाटतो आणि त्याचं उत्तर रेणूच्या आकारात आहे.

कार्बामेट गटात कार्बन-नायट्रोजनचा जो बाँड असतो तो अर्धवट डबल बाँडसारखा वागतो, सहज फिरत नाही, त्यामुळे त्याच्या दोन मांडण्या होतात, ट्रान्स आणि सिस. एकट्या रेणूला ट्रान्स सोयीची, द्रावणात बहुसंख्य रेणू ट्रान्सच असतात, सिस फार थोडे. फॉर्म १ मध्ये कार्बामेट ट्रान्स आहे. फॉर्म २ मध्ये सिस! म्हणजे प्रत्येक रेणूने स्वतःला न परवडणारी मांडणी घ्यायची, पण ती घेतली की शेजाऱ्यांशी असं जुळतं की हायड्रोजन बाँड देणाऱ्या चारही जागा आणि घेणाऱ्या जागा नीट भरून जातात, भक्कम जाळं तयार होतं आणि सुरुवातीचा तोटा भरून निघून वर फायदा उरतो. फॉर्म १ मध्ये हायड्रोजन बाँडचं हे जुळणं इतकं चांगलं होत नाही. क्रिस्टलची सिमेट्रीही बदलते, फॉर्म १ मोनोक्लिनिक तर फॉर्म २ ऑर्थोऱ्हॉम्बिक. एकच रेणू वेगळ्या आकारात वळून वेगळी रचना करतो याला कन्फर्मेशनल पॉलिमॉर्फिझम म्हणतात आणि रिटोनावीर हे त्याचं ठळक उदाहरण.

पण क्रिस्टल सुरू व्हायला आधी न्यूक्लियस लागतो, बरेच रेणू एकाच वेळी एकाच ठिकाणी योग्य पद्धतीने जमावे लागतात. द्रावणात सिस रेणूच मूठभर, त्यातले इतके सगळे एकत्र येऊन नीट रांगेत बसणार ही शक्यता नगण्य. ट्रान्सवाल्यांचा न्यूक्लियस त्यामानाने पटकन होतो, म्हणून दर वेळी फॉर्म १ च मिळत गेला. रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने १८९७ मध्येच मांडून ठेवलं होतं की पदार्थ बऱ्याचदा थेट सर्वात स्थिर अवस्थेत जात नाही, जवळची कमी स्थिर अवस्था आधी येते. आणि त्याच्याही आधी, १८३२ मध्ये, व्होलर आणि लीबिग यांना बेंझामाइडमध्ये हेच दिसलं होतं, गरम द्रावण थंड होताना आधी सुयांसारखे क्रिस्टल आले आणि नुसतं ठेवून दिल्यावर त्यांच्या जागी दुसऱ्याच आकाराचे आले. फरक इतकाच की बेंझामाइडमध्ये दुसरा फॉर्म येणं डोळ्यादेखत झालं, रिटोनावीरमध्ये वर्षं गेली.

पहिला न्यूक्लियस कुठून आला याचं अ‍ॅबॉटच्या टीमने दिलेलं स्पष्टीकरण मला पटतं. अल्कलीच्या संपर्कात रिटोनावीर थोडं विघटित होऊन एक चक्राकार कार्बामेट बनतो, तो फार कमी विरघळतो, त्याचे घन कण बसतात, आणि त्याच्या रेणूचा आकार फॉर्म २ मधल्या रिटोनावीरच्या आकाराशी मिळताजुळता आहे. त्यामुळे त्या कणाच्या पृष्ठभागावर सिस रेणूंना साच्यासारखा आधार मिळाला असणार आणि जे मोकळ्या द्रावणात होत नव्हतं ते तिथे झालं. म्हणजे ज्याला आपण इम्प्युरिटी म्हणून टक्क्यांत मोजतो आणि लिमिटच्या आत आहे म्हणून सोडून देतो, त्याचं दुसरं एक काम असू शकतं. बॅच रिलीज करणाऱ्यांनी हा भाग परत एकदा वाचावा असं मनापासून वाटतं. इम्प्युरिटीचं विषारीपण आपण तपासतो, ती क्रिस्टलला जन्म देऊ शकते का हे सहसा तपासत नाही.

एकदा पहिला कण झाल्यावर मात्र सगळं सोपं, म्हणजे फॉर्म २ साठी सोपं. विरजण पडल्यावर दुधाचं जे होतं तेच, पुढचं आपोआप. किती विरजण पुरतं बघा, एक मायक्रोग्रॅम रिटोनावीर, जे डोळ्याला दिसणारही नाही, त्यात सुमारे ८०० लाख कोटी रेणू असतात, एका न्यूक्लियसला अगदी दहा लाख रेणू लागतात असं धरलं तरी त्या कणाचे तुकडे होऊन ८० कोटी बिया होऊ शकतात. धूळ, एअर हँडलिंग, ग्लोव्ह, गाऊन, स्पॅटुला, कशावरही एवढं सहज बसतं. काही आठवड्यांतच बल्क ड्रगच्या (कच्च्या औषधाच्या) आणि फॉर्म्युलेशनच्या दोन्ही विभागांत फॉर्म २ सापडायला लागला. अ‍ॅबॉटची बल्क ड्रग बनवणारी जागा इटलीतही होती, तिथे परिस्थिती बघायला शास्त्रज्ञांची टीम गेली, हे लोक आधी फॉर्म २ हाताळलेल्या लॅबमध्ये वावरले होते, आणि त्यांच्या भेटीनंतर तिथल्या मालातही फॉर्म २ लक्षणीय प्रमाणात यायला लागला. त्यांच्यामुळेच गेला हे कोर्टात सिद्ध होईल असं नाही, पण क्रम असा होता आणि तो अ‍ॅबॉटच्याच लोकांनी २००० मधल्या लेखात लिहून ठेवलाय. मला या गोष्टीचं त्या लोकांबद्दल खरंच कौतुक वाटतं. एवढं नुकसान झाल्यावर आतली माहिती, चुकलेले अंदाज, क्रिस्टल रचना, सॉल्युबिलिटीचे टेबल सगळं बाहेर ठेवणं सोपं नसतं, बहुतेक कंपन्या गप्प बसल्या असत्या आणि आज आपण फक्त अफवा ऐकत बसलो असतो.

पेशंटच्या बाजूने काय झालं तेही बघायला हवं. १९९८ च्या उन्हाळ्यात कॅप्सूलचा पुरवठा थांबणार असं जाहीर झालं. तेव्हा पूर्ण डोस होता ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या सहा-सहा कॅप्सूल. आता त्याऐवजी लिक्विड, मिलीला ८० मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी साडेसात मिली, त्यात ४३ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आणि चव इतकी वाईट की औषध घेणं हीच शिक्षा. एचआयव्हीच्या उपचारात डोस चुकला की विषाणूला रेझिस्टन्स तयार करायला वाव मिळतो, त्यामुळे चव ही किरकोळ गोष्ट नाही. आणि लिक्विडलाही फॉर्म २ चा धोका होताच, थंडीत सॉल्युबिलिटी खाली येते म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवायचं नाही अशी सूचना आली. पुढे जून १९९९ मध्ये नवी सॉफ्टजेल कॅप्सूल मंजूर झाली, ती मात्र फ्रिजमध्ये ठेवायची! एकाच घरात एकाच औषधाची बाटली बाहेर आणि कॅप्सूल फ्रिजमध्ये. बुडालेल्या विक्रीचा आकडा २५ कोटी डॉलरच्या आसपास सांगितला जातो.

अ‍ॅबॉटने दरम्यान काय केलं. सुरुवातीला प्रयत्न होता की परत फॉर्म १ च बनवायचा, सगळं स्वच्छ करून. ते जमेना. शेवटी पद्धत उलटी केली, नेहमी द्रावणात दुसरा सॉल्व्हंट घालून क्रिस्टल पाडतात, इथे हेप्टेनमध्ये फॉर्म १ चे बीज आधी तरंगत ठेवले आणि त्यात इथाइल अ‍ॅसिटेटमधलं औषधाचं द्रावण हळूहळू सोडलं, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक रेणूला समोर फॉर्म १ चाच पृष्ठभाग भरपूर मिळतो आणि फॉर्म २ ला डोकं वर काढायला वेळ मिळत नाही. तर जुना फॉर्म कायमचा गेला असं जे सांगतात ते खरं नाही, तो बनवता येतो, फक्त आता त्यासाठी मेहनत घ्यावी लागते. २००३ मध्ये एका हाय-थ्रूपुट क्रिस्टलायझेशनच्या कामात रिटोनावीरचे पाच फॉर्म मिळाले, दोन माहीत असलेले आणि तीन नवे, त्यातला एक हायड्रेट (क्रिस्टलमध्ये पाणी धरलेला) आणि एक फॉर्मामाइड सॉल्व्हेट (तसाच फॉर्मामाइड हा सॉल्व्हंट धरलेला), आणि त्या सॉल्व्हेटला साध्या धुण्याने हायड्रेटमार्गे फॉर्म १ पर्यंत आणता येतं हेही त्यात दिसलं. थर्मोडायनामिक्सच्या दृष्टीने यात नवल नाही, फॉर्म १ चा रस्ता बंद कधीच झाला नव्हता, त्यावर गर्दी झाली होती.

हे सगळं आधी ओळखता आलं असतं का, यावर लोक अजून वाद घालतात. मेहनतीने स्क्रीनिंग केलं असतं तर सापडला असता असं म्हणणारे २००३ च्या कामाकडे बोट दाखवतात. माझं मत जरा वेगळं आहे. नेहमीची पद्धत म्हणजे पावडर वेगवेगळ्या सॉल्व्हंटमध्ये दिवसेंदिवस ढवळत ठेवायची, स्थिर फॉर्म असेल तर हळूहळू सगळं त्यात बदलेल, पण त्यालाही पहिला न्यूक्लियस लागतोच आणि इथे अडचण नेमकी तीच होती, शुद्ध पावडर वर्षभर ढवळली असती तरी काही झालं असतं का शंका आहे. त्याऐवजी मुद्दाम अशुद्ध माल, जुन्या बॅच, विघटन झालेले पदार्थ घालून तेच प्रयोग केले असते तर शक्यता वाढली असती. आणि त्याहीपेक्षा सोपी गोष्ट, रेणूकडे बघून विचारायचं की हायड्रोजन बाँडच्या सगळ्या जागा भरल्यात का. फॉर्म १ ची रचना हातात असताना तिच्यात जुळणी अपुरी दिसत असेल तर अजून चांगली मांडणी शिल्लक असू शकते. आज कंपन्यांमध्ये केंब्रिजच्या क्रिस्टल रचनांच्या डेटाबेसवरून, ज्यात आता दहा लाखांहून जास्त रचना आहेत, अशी हायड्रोजन बाँडची तपासणी सर्रास केली जाते आणि त्यात टेस्ट केस म्हणून रिटोनावीरच वापरलं जातं.

नियमांमध्येही फरक पडला. १९९९ च्या आयसीएच क्यू-६-ए या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमावलीत पॉलिमॉर्फसाठी पायरीपायरीने निर्णय घ्यायची पद्धत आली. तरी हे परत झालंच, पार्किन्सनवरचा रोटिगोटीनचा पॅच २००७ मध्ये अमेरिकेत आला आणि २००८ मध्ये पॅचवर बर्फाच्या नक्षीसारखे क्रिस्टल दिसायला लागल्यावर बाजारातून काढावा लागला, परत यायला २०१२ उजाडलं. तिथेही औषध विरघळलेल्याच अवस्थेत होतं, घन गोळीत नाही.

आपल्याकडे हा विषय बऱ्याचदा पेटंटच्या अंगाने येतो. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) मध्ये माहीत असलेल्या पदार्थाचा नवा फॉर्म परिणामकारकता वाढवत नसेल तर पेटंट नाही असं आहे, स्पष्टीकरणात पॉलिमॉर्फचा उल्लेखही आहे, आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ग्लिव्हेक या कॅन्सरवरच्या औषधाच्या बीटा क्रिस्टल फॉर्मवर निकाल दिला तो याच कलमावर. त्या निकालाच्या बाजूने मी आहे. पण त्यामुळे आपल्याकडे पॉलिमॉर्फ म्हणजे पेटंट लांबवायची युक्ती एवढीच समजूत पसरलीय, ती तारापूर-कुरकुंभपासून वेर्णापर्यंत प्लांटमध्ये काम करणाऱ्यांसाठी धोक्याची आहे. रिटोनावीरच्या फॉर्म २ ने कोणाचं पेटंट वाढवलं नाही, त्याने कॅप्सूल बंद पाडल्या.

शेवटी या औषधाला जे रूप मिळालं ते क्रिस्टलला पूर्ण बाजूला ठेवून. औषध आणि पॉलिमर एकत्र वितळवून, एक्स्ट्रूडरमधून काढून, थंड करून दळायचं, म्हणजे रेणू पॉलिमरमध्ये विखुरलेले राहतात, रचना बनतच नाही. लोपिनावीर-रिटोनावीरची अशी गोळी २००५ मध्ये आली, नुसत्या रिटोनावीरची २०१० मध्ये, दोन्ही फ्रिजशिवाय टिकणाऱ्या, आणि उष्ण देशांतल्या एचआयव्ही कार्यक्रमांना याचा किती उपयोग झाला ते वेगळं सांगायला नको. तोवर रिटोनावीरचं कामही बदललं होतं, लिव्हरमधलं सीवायपी ३ए४ एन्झाइम अडवून दुसऱ्या औषधाची पातळी टिकवायची, डोस १०० मिलिग्रॅमच्या आसपास. कोविडमध्ये डिसेंबर २०२१ ला अमेरिकेत पॅक्सलोव्हिड आलं त्यातही निर्माट्रेलवीरच्या जोडीला हेच आहे.

ही अमॉर्फस, म्हणजे क्रिस्टल रचना नसलेली, गोळीसुद्धा थर्मोडायनामिक्सच्या दृष्टीने वरच्याच पायरीवर उभी आहे, फॉर्म १ च्याही वरच्या. पॉलिमर रेणूंना हलू देत नाही म्हणून ती टिकते. ओलावा शिरला, पॉलिमर मऊ पडला तर गाठ पुन्हा फॉर्म २ शीच, त्यामुळे पॅकिंग आणि त्यातलं डेसिकंट (ओलावा शोषणारा पदार्थ) ही तिथे औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट. आणि अमॉर्फस रिटोनावीर, म्हणजे वितळवून गार केलेलं औषध, याच अवस्थेवर काम करताना २०२२ मध्ये आधी न दिसलेला पॉलिमॉर्फ हाती लागला, फॉर्म २ नंतर २४ वर्षांनी. जवळपास त्याच सुमारास दुसऱ्या गटालाही स्वतंत्रपणे तोच मिळाला. त्याला फॉर्म ३ म्हणतात आणि तो फॉर्म २ पेक्षा कमी स्थिर आहे, त्यामुळे बाजारातल्या गोळ्यांना त्याच्यामुळे धक्का लागला नाही.